कलमबागेचं जोतं

कलमबाग, एकसर, बोरिवली (प.)
२० नोव्हेंबर २०२३

ती. आक्कास, धाकूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तू पाठवलेला फराळ पोचला. चकल्या वाटेत मोडल्या, पण चव शाबूत होती. मी फोनवर नीट बोलत नाही म्हणून तू सुशांतजवळ चिडलीस, असं कळलं. अगं, कानात मशीन घातलं की शिट्टी वाजते आणि काढलं की काहीच वाजत नाही. तू तिकडून ओरडतेस, मी इकडून हो हो म्हणतो. त्यापेक्षा लिहिलेलं बरं. पत्र मला ऐकू येतं.

आता मुद्द्याचं. कलमबाग विकली गो. मालक तळपद्यांचा नातू अनिरुद्ध परवा आला होता. पोरगा वाईट नाही. पुढच्या व्हरांड्यात मला खुर्चीवर बसवून स्वतः पायरीवर बसला आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून सगळं सांगितलं. संक्रांतीनंतर बिल्डरचं मशीन येणार. आंब्याची उरलेली झाडंही जाणार. आपल्या बाबांनंतर मी इथली राखण केली, म्हणून मला मालाडला एक खोली घेऊन देतो म्हणाला. मी बरं म्हटलं. नाही म्हणायला माझं होतं काय?

एकच मागितलं. मशीनने घर फोडू नका, मला ते उतरवू द्या. कौलं आधी, मग रिपा, मग वासे, मग आढं, मग खांब. बसवलं त्याच्या उलट क्रमाने. तो बिल्डरच्या माणसाशी बोलला आणि लाकूडवाल्यालाही लाकूड अखंडच हवं होतं, म्हणून जमलं. चार माणसं देणार आहेत.

अडचण आमच्या हिची, सत्यवतीची आहे. तिचं विसरणं वाढलंय हे तुला माहीत आहे. सकाळी जेवली ते दुपारी आठवत नाही. पण या घरात ती चुकत नाही. डोळेही अधू झालेत, तरी खांबाला हात लावत लावत विहिरीपर्यंत जाते आणि परत येते. संध्याकाळी सगळ्या खिडक्या ओढून घेते. आता छप्पर उतरलं की तिला इथे ठेवता येणार नाही. मालाडची खोली फेब्रुवारीत मिळेल. तोवर तिला तुझ्याकडे ठेवशील का? तुझ्या घरात आधीच चार माणसं आहेत, सूनबाईला, दर्शनाला, ऑफिस आहे. तिला विचार आणि खरं काय ते कळव. नाही म्हणालीस तर मी रुसणार नाही.

माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
धाकू

---

मुलुंड (पू.)
२७ नोव्हेंबर २०२३

चि. धाकूस, अनेक आशीर्वाद.

तुला वेड लागलंय का रे? सत्यवतीला ठेवशील का म्हणून विचारतोस? ती लग्न होऊन आली तेव्हा तिच्या डोक्यातल्या उवा मी काढल्यात. दर्शनाने माझ्याआधी हो म्हटलं. जान्हवी तिला आपली खोली देतेय, स्वतः हॉलमध्ये झोपेल. येत्या रविवारी जान्हवी आणि सुशांत गाडी घेऊन येतात. जान्हवी आर्किटेक्टच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला तो बंगला उतरण्याआधी मोजायचाय. मामाआजोबांच्या मागे मागे टेप धरून फिरणार म्हणते. फिरू दे तिला.

आता माझं ऐक. तू त्या घरासाठी रडतोयस हे मला तुझ्या अक्षरावरून कळलं. मी नाही रडणार. जान्हवी मला विचारत होती की आजी, बंगला कसा होता. मी तिला मागच्या भिंतीतली मजुरीची खिडकी सांगितली. कमरेएवढ्या उंचीवर केली होती ती, आठवते? आत मुकादम बसायचा. बाहेर उभं राहणाऱ्याला वाकल्याशिवाय त्याचं तोंड दिसायचं नाही. डोंगरातल्या पाड्यांवरचे वारली बाप्ये दिवसभर झाडावर उंच असायचे आणि शनिवारी त्या खिडकीपुढे वाकायचे. आपली आईही वाकायची. मी तिच्या पदराला धरून उभी असायचे आणि मला वाटायचं, आतल्या देवाला नमस्कार करतेय.

आणि पुढचा व्हरांडा. नक्षीचे खांब, रंगीत काचा, गार फरशी. जन्म त्या आवारात गेला, पण मालक होते तोवर तिथे आपला पाय लागला नाही. बाबा खांब दुरुस्त करायला चढायचे तेवढेच. एकदाच तो व्हरांडा आपल्याला उघडला, तो कशासाठी हे तुला सांगायला नको. तेव्हा मनात आलं ते आजही येतं, पण लिहीत नाही.

असो. घर उतरवतोयस तर डोकं सांभाळून उतरव. सत्तरी झाली आहे तुझी, छपरावर तू स्वतः चढू नकोस. सत्यवतीच्या गोळ्या, तिची नऊवारी लुगडी आणि तिला झोपताना लागते ती गोधडी पाठव.

आशीर्वाद आहेतच, ते पुरवून वापर.

आक्का

---

कलमबाग, एकसर
१७ डिसेंबर २०२३

ती. आक्कास, शि. सा. नमस्कार. वि. वि.

सत्यवती गेल्यापासून घर मोठं झालंय. मी तिला सांगितलं होतं की आक्काकडे चार दिवस जायचंय. गाडीत बसली, काच खाली केली आणि मला म्हणाली की पाऊस आला तर माडीची दारं लावा. थंडीचे दिवस, आभाळ कोरडं ठणठणीत. मी लावतो म्हटलं.

कौलं उतरली. मी छपरावर चढलो नाही. म्हणजे फार वर चढलो नाही. मिथुन नावाचा एक पोरगा आहे, हात हलका आहे त्याचा. मंगळुरी कौलं थरावर थर रचून ठेवली. त्याखाली आंब्याची माडी उघडी पडली. तुला आठवते ना, फळ्यांमध्ये बोटभर फटी ठेवलेली, खालून वारा यावा म्हणून? मे महिन्यात तिथे गवतात आढी घातली की खाली झोपलेल्या माणसाच्या स्वप्नातसुद्धा आंबे पिकायचे. तो वास अजून त्या फळ्यांत आहे. मिथुन विदर्भातला, त्याला काही सांगितलं नव्हतं, तरी तो नाक लावून हसला.

जान्हवी तीनदा येऊन गेली. पोरगी हुशार आहे गो. तिने मला एक अशी गोष्ट दाखवली की इतकी वर्षं इथे राहून मला कळली नव्हती. मागच्या भिंती दोन हात जाड आहेत, पुढच्या त्याच्या निम्म्या. आणि पुढच्या छपराचे वासे मागच्या जुन्या छपराच्या काठावर टेकवलेले आहेत. म्हणजे पुढचा भाग नंतरचा. आधी इथे फक्त मागची बाजू होती, आंबे-नारळ ठेवायची वखार आणि राखणदाराच्या दोन खोल्या. वाडी चांगली चालली, तेव्हा तळपद्यांनी त्याला दिवाणखाना आणि व्हरांडा जोडला आणि बंगला झाला. म्हणजे आक्का, आपण राहायचो ते मूळ घर. ते पाहुणे होऊन नंतर आले.

हे कळल्यावर आनंद झाला की काय झालं, सांगता येत नाही. एवढं उशिरा कळून करायचं काय?

वाशांच्या सांध्यांवर छिन्नीने कोरलेल्या खुणा सापडल्या. एक रेघ, दोन रेघा, फुली, चंद्रकोर. जोडीचं लाकूड जोडीलाच बसावं म्हणून ज्या कोणी मेस्त्रीने हे केलं, त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. आपले बाबा त्याच्यानंतरचे. मी प्रत्येक सांधा सोडवताना आधी खुणेवर हात ठेवतो. कारागिराने कारागिराला विचारून काम करावं, एवढंच.

ही कशी आहे? जेवते का? माझी आठवण काढते का? काढत नसेल तर तसं लिही.

लोभ धर, सोडू नको.

धाकू

---

मुलुंड (पू.)
२६ डिसेंबर २०२३

चि. धाकूस, अनेक आशीर्वाद.

पाहुणे होऊन नंतर आले, हे वाचून मी मोठ्याने हसले. दर्शना स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं सत्यवती पडली. तिला वाचून दाखवलं. मग एकटी असताना पुन्हा वाचलं, तेव्हा हसू आलं नाही.

तू खरं लिही म्हणालास, म्हणून खरं लिहिते. ती जेवते बरी. तांदळाची भाकरी तिची तीच थापते, हात विसरलेले नाहीत. माझ्या भाकरीला नावंही ठेवते. पण आमचं घर तिला समजत नाही. सातव्या मजल्यावर मागचं दार नसतं, हे तिच्या मनाला पटतच नाही. पहाटे उठून भिंतीवरून हात फिरवत खांब शोधते. इथे खांब कुठला? भिंतीवरून हात सरकत जातो आणि कोपऱ्यात अडकतो. मग तिथेच उभी राहते, मी जाऊन वळवीपर्यंत. लिफ्टला ती कोठीची खोली म्हणते आणि आत शिरायला घाबरते.

तुझी आठवण काढते. पण तू म्हणजे आत्ताचा तू नव्हे रे. केस काळे असलेला कुणीतरी धाकू आहे, तो वसईला लाकूड आणायला गेलाय आणि उशीर करतोय.

आता हे लिहू की नको, असा चार दिवस विचार केला. संध्याकाळ झाली की ती चपला शोधते. माका घराक जावक व्हया, म्हणते. मी विचारलं कशाला, तर म्हणाली, चेडू घरात एकटांच आसा. पोर एकटी आहे, कुंदा उठली असेल, रडत असेल, म्हणते. रोज. दिवे लागले की रोज.

पहिल्या दिवशी मी तिला खरं सांगितलं. चूक झाली. ती जणू त्याच क्षणी कळल्यासारखी रडली. दुसऱ्या दिवशी सगळं विसरली होती, पुन्हा चपला शोधत होती. एवढं दुःख मी तिला रोज नव्याने देऊ शकत नाही. मग मी काहीतरी बोलते, भाजी निवडायला बसवते, टीव्ही लावते. कुंदाला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली. चार वर्षांची होती. तू तिच्याबद्दल आजवर माझ्याजवळ एक शब्द काढलेला नाहीस, मीही विचारलं नाही. पण आता मला विचारावं लागतंय. मी हिला काय सांगू, ते तू सांग.

ऊब राहू दे.

आक्का

---

कलमबाग, एकसर
४ जानेवारी २०२४

ती. आक्कास, शि. सा. नमस्कार. वि. वि.

तिला सांग की कुंदा माझ्याजवळ आहे. तिचा बाप घरीच आहे, पोरगी जेवली, झोपली. एवढं सांग. यात खोटं काही नाही.

मी बोललो नाही, कारण सुरुवात कुठून करायची ते कधी कळलं नाही. आमच्या खोलीच्या तुळईला पाळण्याची कडी होती. पाळणा काढला, कडी राहू दिली. पावसाळ्यात तिला कंदील टांगायचो. गेल्या आठवड्यात ती तुळई उतरवायची वेळ आली. चांगली जाड, सरळ, सागाची तुळई. मी मिथुनला म्हटलं, ही तुम्ही उतरवा, आणि विहिरीपाशी जाऊन उभा राहिलो. कान नाहीत हे त्या दिवशी बरं वाटलं. परत आलो तर वर मोकळं आकाश होतं आणि कडी त्यांनी काढून माझ्या पिशवीवर ठेवली होती.

तू पुढच्या व्हरांड्याबद्दल लिहायचं टाळलंस, म्हणून मी लिहितो. कुंदा गेली तेव्हा मागच्या बाजूला पावसाचं पाणी शिरलं होतं, म्हणून तळपद्यांच्या थोरल्या बाईसाहेबांनी तिला पुढे व्हरांड्यात आणायला सांगितलं. स्वतःच्या हाताने चटई घातली. त्या रडल्याही. तुझा राग मला ठाऊक आहे. जिवंतपणी जिला त्या फरशीवरून हाकललं, तिला मेल्यावर जागा दिली, असं तू तेव्हा आईजवळ म्हणालीस ते मी ऐकलं होतं. तेव्हा मला ऐकू यायचं. पण आक्का, मला राग यायला जागाच उरली नव्हती.

सत्यवतीने त्यानंतर त्या व्हरांड्यावर कधी पाय ठेवला नाही. तळपदे शहरात राहायला गेले, घराच्या किल्ल्या आमच्याकडे आल्या, पंचवीस-तीस वर्षं अख्खा बंगला आमच्याच ताब्यात होता. तरी नाही. ती फरशी मीच झाडायचो. मालकांच्या धाकाने जात नव्हती की कुंदामुळे, मी विचारलं नाही. आता विचारून उपयोग नाही.

भिंती संपत आल्या. मजुरीची खिडकी मी स्वतः काढली, तुझ्या वतीने दोन घाव जास्त घातले.

जीव लावून ठेव.

धाकू

---

मुलुंड (पू.)
१२ जानेवारी २०२४

चि. धाकूस, आशीर्वाद.

घाबरू नकोस, सत्यवती सुखरूप आहे. सुशांतने तुला मेसेज केला होता, पण सगळं सांगितलं नव्हतं, म्हणून लिहिते.

मंगळवारी दुपारी माझा डोळा लागला आणि ती दार उघडून गेली. लिफ्टला घाबरते, म्हणजे सात मजले जिन्याने उतरली असणार. वॉचमन जेवायला बसला होता. आम्ही सगळीकडे शोधलं. दर्शना ऑफिसातून आली, जान्हवी कॉलेजातून. स्टेशनजवळच्या मार्केटात लता म्हणून एक फूलवाली बसते, तिने तिला आपल्या शेजारी पोत्यावर बसवून ठेवलं होतं. चहा पाजला होता. सत्यवती जाणाऱ्या येणाऱ्याला कलमबाग कुठे म्हणून विचारत होती. पाय सोलले होते. मला बघून ओशाळली आणि म्हणाली, आक्कानू, रस्तो बदललो.

तू सांगितलंस ते मी तिला रोज सांगते. ऐकून मान डोलावते, पण थोड्या वेळाने विचारते की मग ह्यांना तिच्या औषधाची वेळ ठाऊक आहे ना.

जान्हवी म्हणते, एकदा नेऊन दाखवूया. दर्शना म्हणते, नको, उघडं पडलेलं घर बघून ती हाय खाईल. डॉक्टरांनी दोन्ही बाजूंनी मान हलवली. मला काही सुचत नाही. माणूस तुझं आहे, तू ठरव.

आणखी एक. मालाडच्या खोलीत तू एकटा तिचं कसं करणार? तुला ऐकू येत नाही, तिला समजत नाही. दोघं इथेच या. मी हे उपकार म्हणून लिहीत नाही. मलाही भावाशी भांडायला आता फार वर्षं उरलेली नाहीत.

उत्तर लवकर धाड, माझा जीव टांगू नकोस.

आक्का

---

बोरिवली
२२ जानेवारी २०२४

ती. आक्कास, शि. सा. नमस्कार. वि. वि.

तू ठरव म्हणालीस, म्हणून मी बोलावलं आणि काल जान्हवी सत्यवतीला गाडीतून आणून परत घेऊन गेली. जान्हवीने तुला काय सांगितलं माहीत नाही. ती सगळा वेळ फाटकापाशी उभी होती आणि डोळे पुसत होती, म्हणून मीच नीट लिहितो.

घर नाही आता. भिंतीही नाहीत. राहिलंय ते काळ्या दगडाचं जोतं आणि त्यावरची फरशी. मी मनाशी ठरवलं होतं की सत्यवती घाबरली तर लगेच परत पाठवायचं.

ती गाडीतून उतरली आणि सरळ मागच्या पायऱ्यांकडे गेली. चपला खाली काढल्या. वर चढली. आणि आक्का, ती घरात शिरली. उंबरा होता तिथे पाय उचलला. मागचं दार ठेंगणं होतं, तिथे मान खाली घातली. चूल होती तिकडे वळून जरा थांबली. मग हात पुढे करून एकेक खांब धरत निघाली. हवेत हात, पण बोटं अशी वळलेली, की माझ्या डोळ्यांना खांब दिसला. माडीच्या जिन्याला वळसा घातला. जिथे भिंत होती तिथे भिंतीतून गेली नाही. खिडक्या ओढल्या, एक सोडली नाही. मी सहा आठवडे खपून जे उतरवलं होतं, ते सगळं तिच्याभोवती उभं होतं.

मी मागून चालत होतो. आधी सरळ चालत होतो, मग मलाही भिंतीतून जायचं धाडस होईना. मीही दारांतून वाकून गेलो.

आमच्या खोलीकडे ती गेली. दारातच थांबली. आत बघितलं, बराच वेळ. मग ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायला सांगितलं आणि पाऊल न वाजवता मागे फिरली. तोंडावर काय समाधान होतं, मला लिहिता येत नाही. चाळीस वर्षांत तसं मी पाहिलं नव्हतं.

बाहेर पडायला पुढून जवळ होतं. गाडी पुढेच होती. मी तिकडे हात केला. पण पुढच्या व्हरांड्याच्या फरशीशी ती अडली. ना खांब, ना काचा, ना कोणी मालक. उघडी फरशी आणि धूळ. तरी तिने तिथे पाय ठेवला नाही. आली तशी मागे गेली, पायऱ्या उतरली आणि अख्ख्या जोत्याला वळसा घालून पुढे आली. मीही तसाच गेलो.

गाडीपाशी ती माझ्याकडे वळली आणि पदर सावरून, परक्या माणसाशी बोलावं तशी बोलली. मी तिच्या ओठांवरून वाचलं. मेस्तरी, झाला मा काम? आता घराक जावा, तुमची माणसां वाट बघीत असतली. मी म्हटलं, जातो. तिला बरं वाटलं. घरमालकीण मजुराला निरोप देते, तसा तिने मला निरोप दिला.

आज सकाळी मशीन आलं. जोतं दुपारपर्यंत निघालं. मी थांबलो नाही, मिथुनने सांगितलं.

आक्का, मी तुझ्याकडे येतो. अनिरुद्धला मालाडची खोली नको म्हणून कळवलं. दोघांनी राहायची खोली ती, आणि माझ्याबरोबर राहायला ती आता परपुरुषाबरोबर राहिल्यासारखी बावरेल. तुझ्याकडे असेन तर आक्काकडे कामाला आलेला मेस्त्री म्हणून तरी समोर वावरता येईल. तिने नाव विचारलं तर धाकूच सांगेन. त्या दुसऱ्या धाकूची वाट बघते ती, तिला बघू दे. दर्शनाला सांग, हॉलमध्ये कोपरा पुरेल. कपाटाचं दार नीट लागत नाही असं तू मागे म्हणाली होतीस, ते आधी करतो.

येत्या गुरुवारी संध्याकाळपर्यंत पोचेन. तोवर तिला एकटं सोडू नको आणि मला परकं करू नको.

तुझा,
धाकू